मौजा सापडला तर मूळपुरुष सापडतो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

"आमचे मूळ आयर्लंडचे, पण त्याआधी स्कॉटलंडचे," हे वाक्य खडकी, देवळाली, भुसावळ, कामठी अशा छावणीच्या आणि रेल्वेच्या गावांतल्या अँग्लो-इंडियन घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. परदेशी लग्न केलेल्या आपल्या मुलामुलींच्या सासरीही ते कानावर पडते. वाक्य खरे असण्याची शक्यता चांगली आहे. पण ते कागदावर सिद्ध करायला निघालेली माणसे बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आडनाव घ्यायचे, थेट स्कॉटलंडच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत घुसायचे, त्या नावाचा एखादा जॉन किंवा विल्यम मिळाला की वंशावळ तिथे चिकटवून मोकळे व्हायचे. अशा वंशावळी इंटरनेटवर एकीवरून दुसरी उतरवली जाते आणि पन्नास ठिकाणी दिसते म्हणून खरी मानली जाते. या शोधाची वाट मराठीत एका जागी मिळावी म्हणून हे पत्र थोडे लांबवतो आहे.

आधी काळ समजून घ्यावा, कारण माणूस कधी समुद्र ओलांडून आला यावर त्याचा कागद कुठे असेल हे ठरते. आयर्लंडच्या उत्तरेकडचा प्रांत म्हणजे अल्स्टर. १६०६ पासून ह्यू माँटगोमरी आणि जेम्स हॅमिल्टन या दोघा स्कॉटलंडमधल्या एअरशायरच्या माणसांनी डाउन काउंटीत स्वतःच्या हिमतीवर स्कॉटिश कुळे आणून वसवली. सरकारी वसाहत १६०९-१० मध्ये सुरू झाली, ती आर्मा, कॅव्हन, डोनेगल, फर्मानाह, टिरोन आणि तेव्हाचे कोलरेन, म्हणजे पुढचे लंडनडेरी, या सहा काउंट्यांत. अँट्रिम आणि डाउन त्या सरकारी योजनेत नव्हत्या, हे अनेकांना ठाऊक नसते आणि मग ते त्या दोन काउंट्यांतला पूर्वज योजनेच्या कागदांत शोधत बसतात. १६४२ मध्ये रॉबर्ट मन्रोच्या हाताखाली स्कॉटिश फौज कॅरिकफर्गसला उतरली, तिच्यातले काही तिथेच राहिले. आणि १६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये लागोपाठ पिके बुडाली तेव्हा माणसांचा फार मोठा लोंढा आला. स्कॉटलंडमधले पोर्टपॅट्रिक ते डाउनमधले डोनाघडी हे अंतर एवढे थोडे की स्वच्छ दिवशी पलीकडचा किनारा दिसतो. त्यामुळे येणे-जाणे दोन्ही बाजूंनी चालू होते. एका पिढीत आलेले कुटुंब दुसऱ्या पिढीत परत गेलेलेही आढळते.

आता कामाची पद्धत. आपल्याकडे वारसनोंद लावताना तलाठी जसा आजच्या खातेदारापासून मागे जातो, तसेच इथेही आजपासून मागे जायचे. एक पिढी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पिढीला हात लावायचा नाही.

आयर्लंडमध्ये जन्म, मृत्यू आणि सर्व धर्मांच्या लग्नांची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासून आहे. कॅथलिक सोडून बाकीच्यांची लग्ने मात्र १ एप्रिल १८४५ पासूनच नोंदली गेली आहेत. स्कॉटिश वंशाची घरे बहुतेक प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट पंथाची, म्हणून ही एकोणीस वर्षांची जादा कमाई त्यांच्या वंशजांच्या पदरात पडते. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या बापांची नावे आणि धंदे असतात. वयाच्या रकान्यात पुष्कळदा फक्त 'पूर्ण वय' एवढेच लिहिलेले असते. त्याचा अर्थ एकवीस किंवा त्याहून जास्त, इतकाच घ्यावा. जन्माच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव मिळते. मृत्यूच्या नोंदीत आईबापांचे नाव नसते, ही आयर्लंडच्या नोंदींची मोठी उणीव आहे. जन्मनोंदीला उशीर झाला की दंड होता, म्हणून काही घरांनी तारीख पुढे ढकलून सांगितली. बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा निघाला तर गोंधळून जाऊ नये, त्याचे कारण हे असते. या नोंदींची छायाचित्रे आयर्लंड सरकारच्या आयरिशजीनिऑलॉजी या संकेतस्थळावर मोफत आहेत. १९२१ पर्यंतच्या उत्तरेकडच्या काउंट्याही त्यांत येतात. त्यानंतरच्या उत्तर आयर्लंडच्या नोंदींसाठी बेलफास्टच्या निबंधक कार्यालयाचे पैसे भरून वापरायचे संकेतस्थळ आहे. जन्माला १००, लग्नाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षे झाल्याखेरीज नोंद ऑनलाइन खुली होत नाही.

१९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण शाबूत आहे, घराघराचा अर्ज पाहायला मिळतो आणि तोही फुकट. १९११ च्या अर्जात लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले झाली, किती हयात आहेत, हेही विचारलेले आहे. वयावर मात्र विसंबू नये. १९०१ मध्ये ५६ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७० वर्षांचा झालेला दिसतो. मधल्या काळात, १ जानेवारी १९०९ पासून, सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाले होते, हे त्यामागचे कारण. त्याच पेन्शनने आपल्या हाती एक अनपेक्षित ठेवही दिली आहे. ज्यांच्या जन्माची सरकारी नोंद नव्हती त्यांचे वय पडताळायला अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत शोध घेत. त्या जनगणना पुढे जळाल्या, पण शोधाचे अर्ज राहिले. अर्जात आईबापांची नावे आणि लहानपणीचा मौजा लिहिलेला असतो.

जळाल्या म्हणजे कशा, तेही सांगितले पाहिजे, कारण "आयर्लंडचे सगळे कागद जळाले" ही समजूत शोध सोडून द्यायला कारणीभूत ठरते. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी दप्तर यादवी युद्धात नष्ट झाले. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना, १८५८ पूर्वीची बहुतेक मूळ मृत्युपत्रे आणि आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या शेकडो वह्या गेल्या. १८६१ आणि १८७१ ची जनगणना सरकारने त्याआधीच नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची तर पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेली. प्रेस्बिटेरियन चर्चच्या वह्या मात्र तिथे नव्हत्याच. त्या आपापल्या मंडळीकडे होत्या. जमीन मोजणीचे कागद, जमीनदारांची खासगी दप्तरे आणि डब्लिनचे रजिस्ट्री ऑफ डीड्स, म्हणजे दस्तनोंदणी कार्यालय, हेही वाचले. जे जळाले त्याच्या नकला जगभरातून गोळा करून २०२२ मध्ये व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड हे मोफत संकेतस्थळ उभे राहिले आहे. तिथे एकदा तरी आडनाव आणि गाव टाकून पाहावे.

आता या साऱ्या शोधाचा कणा. आयर्लंडमध्ये जमिनीचा सर्वांत लहान नावाजलेला तुकडा म्हणजे टाउनलँड. आपल्या जुन्या कागदांतला 'मौजे' हा शब्द त्याला जवळचा. असे साठ हजारांहून अधिक मौजे आयर्लंडभर आहेत आणि एकाच नावाचे अनेक आहेत. पूर्वजाचा मौजा कळेपर्यंत त्याच्या नावाला काही किंमत नाही. अँट्रिममध्ये एका वेळी एकाच नावाचे दहा जॉन बॉइड असतात, पण एका मौजात एक किंवा दोनच. मौजा, पॅरिश (चर्चच्या हद्दीचा भाग), बॅरनी (काउंटीचा एक विभाग), काउंटी आणि निबंधकाचा जिल्हा या पाच गोष्टी कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवाव्यात. निबंधकाचे जिल्हे बाजारगावांभोवती आखलेले होते आणि ते काउंटीची हद्द ओलांडतात, म्हणून नोंद शेजारच्या काउंटीत सापडली तर ती आपली नाही असे धरून टाकू नये.

मौजा कळला की ग्रिफिथचे मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची आकारणी, उघडावे. हे १८४७ ते १८६४ या काळात काउंटीवार झाले, अल्स्टरच्या काउंट्या शेवटी शेवटी झाल्या. आस्क अबाउट आयर्लंड या संकेतस्थळावर नकाशासह मोफत आहे. सातबारा वाचता येणाऱ्याला हे वाचायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. डावीकडे नकाशावरचा क्रमांक आणि अक्षर, मग कब्जेदाराचे नाव, मग तो ज्याच्याकडून जमीन कसतो त्याचे नाव, मग 'घर, गोठे आणि जमीन' असे वर्णन, क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये, आणि शेवटी आकारणी. एका मौजात एकाच नावाचे दोघे असले की नावापुढे कंसात बापाचे नाव, धंदा किंवा केसांचा रंग लिहिलेला असतो. 'विल्यम' पुढे कंसात 'रॉबर्ट' दिसले तर तो रॉबर्टचा मुलगा विल्यम. हा एक शब्द पुष्कळदा अख्खी पिढी मिळवून देतो, आणि टंकलिखित सूच्यांत नेमका तोच गळलेला असतो. म्हणून मूळ पानाचे चित्र पाहावेच.

यानंतरच्या फेरतपासणीच्या वह्या म्हणजे हुबेहूब आपली फेरफार नोंदवही. ग्रिफिथनंतर १९३० च्या सुमारापर्यंत अधिकारी गावोगाव फिरून बदल नोंदवत राहिले. जुने नाव रंगीत शाईने खोडलेले, वर नवे नाव, आणि कडेला त्याच रंगात वर्षाचे दोन आकडे. कब्जेदार विल्यम खोडून खाली मार्गारेट आली आणि कडेला '७९' असेल तर विल्यम १८७९ च्या थोडा आधी गेला. अधिकाऱ्याच्या फेरीपर्यंत बदल वहीत चढत नसे, म्हणून मृत्यूची नोंद मागच्या तीनेक वर्षांत शोधावी. मार्गारेटनंतर दुसऱ्याच आडनावाचा माणूस आला तर तो बहुधा जावई. आजच्या उत्तर आयर्लंडमधल्या सहा काउंट्यांच्या या वह्या बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. हे अभिलेखागार प्रोनी या नावाने ओळखले जाते. डोनेगल, कॅव्हन आणि मॉनहन यांच्या वह्या डब्लिनला मिळतात.

ग्रिफिथच्या मागे १८२३ ते १८३८ मधल्या टाइद, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश कराच्या, आकारणीच्या वह्या आहेत. त्यांत फक्त शेतजमीन येते, शहर आणि भूमिहीन मजूर येत नाहीत. इथे मापाकडे नीट पाहावे. क्षेत्र पुष्कळदा आयरिश एकरात असते, आणि एक आयरिश एकर म्हणजे १.६२ इंग्रजी एकर. पण अल्स्टरच्या काही भागांत कनिंगहम एकर चाले, तो १.२९ इंग्रजी एकर. कनिंगहम हे एअरशायरच्या एका भागाचे नाव, आणि ते माप स्कॉटिश वसाहतवाल्यांनी आपल्याबरोबर आणले. टाइदच्या वहीतले १० एकर आणि ग्रिफिथमधले १३ एकर जुळत नाहीत म्हणून दोन वेगळी शेते समजणारे अनेक आहेत. गुणाकार करून पाहिला असता तर शेत एकच निघाले असते.

त्याच्याही मागे १७९६ ची अळशी पेरणाऱ्यांची यादी आहे. लिनन उद्योगाला उत्तेजन म्हणून सरकारने पाव एकर अळशी पेरणाऱ्याला एक चरखा, एकराला चार चरखे आणि पाच एकर किंवा जास्त पेरणाऱ्याला माग दिला. यादीत पन्नास हजारांवर नावे आहेत आणि अल्स्टरचा वाटा त्यांत मोठा आहे. इथे नाव आणि पॅरिश मिळते, मौजा मिळत नाही. त्यामुळे ही यादी कुटुंब कुठे होते हे सुचवते, नाते सिद्ध करत नाही.

नाते सिद्ध होते ते भाडेपट्ट्यांत, आणि या प्रकाराला शोधणारे सर्वांत कमी हात लावतात. अठराव्या शतकात अल्स्टरमधल्या पुष्कळ जमिनी 'तीन जिवांच्या' पट्ट्याने दिल्या जात. पट्ट्यात तिघांची नावे लिहायची आणि त्यांतला शेवटचा जीव जगेल तोवर पट्टा चालायचा. कूळ साहजिकच लांब टिकतील असे जीव निवडी. एक जीव स्वतःचा, एक थोरल्या मुलाचा आणि एक धाकट्याचा, कधी भावाचा किंवा पुतण्याचा. आणि जमीनदाराच्या कारकुनाला वय लिहून घ्यावेच लागे, नाहीतर पट्टा कधी संपेल याचा अंदाज कसा येणार? म्हणून '१७४५ चा पट्टा, जीव: कूळ स्वतः, त्याचा मुलगा जेम्स वय ९, मुलगा हान्स वय ६' अशा धाटणीची ओळ मिळते. बाप्तिस्म्याची वही नसतानाही बापलेकाचे नाते आणि जन्मवर्ष, दोन्ही एका ओळीत. पुढे मुनीम गावोगाव फिरून कोणता जीव हयात आहे हे तपासे, तेव्हा पट्ट्याच्या यादीत नावापुढे 'मृत' किंवा 'अमेरिकेत' असा शेरा पडे. अशा पट्ट्यामुळे कुळाला मतदानाचा हक्कही मिळे, म्हणून तेच नाव मतदार भूधारकांच्या यादीतही शोधावे. ती यादी प्रोनीने ऑनलाइन दिली आहे.

हे पट्टे दोन जागी असतात. एक, डब्लिनचे रजिस्ट्री ऑफ डीड्स. ते १७०८ पासून अखंड आहे. तिथे देणाऱ्याच्या नावाची सूची आहे, घेणाऱ्याची नाही. कुळाच्या नावाने शोधले तर हाती काही लागत नाही, जमीनदाराच्या नावाने किंवा मौजाच्या नावाने शोधावे. दुसरी जागा जमीनदाराचे खासगी दप्तर. प्रोनीत अशी शेकडो दप्तरे आहेत. स्ट्रबेन भागातल्या अ‍ॅबरकॉर्न घराण्याचे दप्तर, क्रमांक डी ६२३, त्यांतले फार मोठे. लहान कुळांनी पट्टे डब्लिनला नोंदवायचा खर्च क्वचित केला, त्यामुळे त्यांच्यासाठी दुसरी जागा अधिक फळते.

आणि इथेच स्कॉटलंडचे दार उघडते. जमीनदाराने कुळे आणली ती आपल्या ओळखीच्या मुलखातून. माँटगोमरी एअरशायरमधल्या ब्रेडस्टेनचा, हॅमिल्टनचे वडील एअरशायरमध्येच डनलॉपला धर्मगुरू होते. अ‍ॅबरकॉर्न घराणे रेनफ्रूशायरमधल्या पेझ्लीचे. लंडनडेरीतल्या हॅबरडॅशर्स आणि क्लॉथवर्कर्स या लंडनच्या व्यापारी संघांच्या जमिनी घेणारा सर रॉबर्ट मॅक्लेलन कर्ककुब्रीचा. फर्मानाहमध्ये आर्मस्ट्राँग, एलियट, जॉन्स्टन ही आडनावे दाट आहेत, ती इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरची. राजा जेम्सने सीमेवरच्या लढाऊ घराण्यांवर बडगा उगारला तेव्हा ती हलली. म्हणून पूर्वजाचा मौजा १६१० ते १६४० मध्ये कोणाच्या ताब्यात होता हे शोधावे आणि त्या जमीनदाराच्या मूळ पॅरिशपासून स्कॉटलंडमधला शोध सुरू करावा. १६३० च्या सुमाराची हजेरी-यादी यासाठी अमोल आहे. ती जमीनदारवार आहे. प्रत्येक कुळाच्या नावापुढे त्याच्याकडे काय शस्त्र आहे ते लिहिले आहे: कोणाकडे तलवार आणि भाला, कोणाकडे तलवार आणि बंदूक, बऱ्याच जणांकडे काहीच नाही. यादी लंडनमध्ये होती म्हणून वाचली. त्यानंतर १६६० च्या दशकातल्या चूलपट्टीच्या याद्या पाहाव्यात, दर चुलीमागे दोन शिलिंग कर होता. मूळ जळाल्या, पण अनेक काउंट्यांच्या नकला आहेत. १६३० आणि १६६० च्या दोन्ही याद्यांत एकाच भागात आडनाव दिसले तर कुटुंब पहिल्या लाटेतले. फक्त दुसऱ्यात असेल तर मधल्या काळात आलेले. दोन्हींत नसेल आणि १७४० च्या प्रॉटेस्टंट घरमालकांच्या यादीत असेल, तर १६९० च्या दुष्काळातले असण्याचा संभव जास्त.

आडनावाविषयी इशारा द्यायलाच हवा. टिरोनमधला कॅम्पबेल स्कॉटलंडमधल्या अर्गाइलचा असेलच असे नाही. मॅक कॅहवील या मूळ आयरिश आडनावाचेही इंग्रजीत कॅम्पबेल झाले. कॅव्हनमधले अनेक स्मिथ मूळचे मॅक गावन. उलट मॅक्स्वीनी, मॅक्डॉनेल ही स्कॉटलंडहून आलेली घराणी वसाहतीच्या कितीतरी आधीची, भाडोत्री योद्ध्यांची. जॉन्स्टन, जॉन्स्टोन, जॉन्सन ही तीन स्पेलिंगे एकाच माणसाच्या तीन कागदांवर येतात, आणि हॅने या नैर्ऋत्य स्कॉटलंडमधल्या गॅलोवेच्या आडनावाचे अल्स्टरमध्ये हॅना होते. 'मॅक' गळतो, पुन्हा येतो. मुलांची नावे ठेवण्याची स्कॉटिश रीत, म्हणजे थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची, ही अंदाज बांधायला चांगली. पुरावा म्हणून ती टिकत नाही.

चर्चच्या वह्यांत दोन अडचणी येतात. अल्स्टरमधल्या बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळींच्या वह्या १८१९ नंतरच्या आहेत, कारण नोंदी ठेवण्याची सक्ती धर्मसभेने तेव्हा केली. टेम्पलपॅट्रिकसारखी १६४६ पासूनची कार्यवाहीवही हा अपवाद. दुसरी अडचण लग्नांची. १७८२ पर्यंत प्रेस्बिटेरियन धर्मगुरूने लावलेले लग्न कायद्याने पूर्ण मान्य नव्हते. त्यामुळे काहींनी अँग्लिकन चर्चमध्ये लग्न केले, आणि काही जोडपी सरळ होडीने पोर्टपॅट्रिकला गेली. तिथल्या वहीत आयर्लंडच्या जोडप्यांची लग्ने अठराव्या शतकापासून सापडतात. दफनही पुष्कळदा अँग्लिकन दफनभूमीत होत असे. म्हणून घर पक्के प्रेस्बिटेरियन असले तरी त्या पॅरिशच्या अँग्लिकन वह्या पाहाव्यात. मायक्रोफिल्म प्रोनीत आहेत, प्रेस्बिटेरियन मंडळींच्या फिल्मचा क्रमांक एमआयसी १पी ने सुरू होतो. प्रेस्बिटेरियनांतल्याच सिसीडर आणि कव्हेनँटर या वेगळ्या शाखांच्या मंडळींच्या वह्या वेगळ्या, हे विसरू नये.

तारखांचा एक फास आहे. स्कॉटलंडमध्ये १६०० पासून नवे वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले, आयर्लंडमध्ये मात्र १७५२ पर्यंत २५ मार्चला. म्हणजे आयर्लंडच्या कागदावर फेब्रुवारी १६९० असेल तर स्कॉटलंडच्या हिशेबात तो फेब्रुवारी १६९१. जानेवारी ते मार्चमधल्या तारखा उतरवताना दोन्ही वर्षे लिहावीत, नाहीतर बापाच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने जन्मलेले मूल वंशावळीत येते.

स्कॉटलंडच्या बाजूला सरकारी संकेतस्थळ स्कॉटलंड्सपीपल. जुन्या पॅरिश वह्यांतली सर्वांत जुनी १५५३ ची, पर्थशायरमधल्या एरोलची. पण नैर्ऋत्येकडच्या, म्हणजे नेमक्या आपल्या कामाच्या, अनेक पॅरिशांच्या वह्या सतराव्या शतकाच्या शेवटी किंवा त्यानंतर सुरू होतात. १६१५ मध्ये गेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा तिथे मिळणार नाही, आणि कोणी मिळाल्याचे सांगितले तर त्याच्याकडे पानाचे चित्र मागावे. त्याऐवजी चर्चच्या पंचमंडळाच्या कार्यवाहीवह्या वाचाव्यात. गाव सोडणाऱ्याला वर्तणुकीचा दाखला घ्यावा लागे. 'आयर्लंडला जाण्यासाठी दाखला दिला' किंवा 'आयर्लंडहून दाखला न आणता आला' अशा ओळी त्यांत असतात. या वह्यांची चित्रे मोफत आहेत, पण नावांची सूची नाही, पानोपान वाचावे लागते. विग्टनशायरच्या पॅरिशांची १६८४ ची रहिवाशांची यादी आणि १६९० च्या दशकातल्या चूलपट्टी व डोईपट्टीच्या याद्या बाप्तिस्म्याची उणीव काहीशी भरतात. जमीन असलेल्या घरांसाठी १६१७ पासूनची सासिनची, म्हणजे जमिनीच्या हस्तांतरणाची, नोंद आणि वारस ठरवण्याचे निवाडे पाहावेत. एअरशायरमध्ये निपुत्रिक मेलेल्या काकाचा वारस म्हणून आयर्लंडमधला पुतण्या पुढे आला, तर निवाड्यात त्याचा बाप, नाते आणि आयर्लंडमधले गाव येते. इतका पक्का दुवा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आता आयर्लंडच्या मृत्युनोंदीची ती उणीव भरून काढणारी युक्ती. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंद १८५५ पासून, आणि तिथल्या मृत्यूच्या नोंदीत बापाचे नाव, धंदा आणि आईचे माहेरच्या आडनावासह नाव असते. एकोणिसाव्या शतकात अल्स्टरमधून हजारो माणसे ग्लासगो, पेझ्ली, ग्रीनॉकच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेली. आपला पूर्वज आयर्लंडमध्येच वारला असला, तरी त्याची एखादी बहीण किंवा भाऊ ग्लासगोत वारला असेल. १७९० मध्ये अँट्रिममध्ये जन्मलेल्या बहिणीचा १८६० मधला ग्लासगोचा मृत्युदाखला अठराव्या शतकातल्या आईबापांची नावे देतो, आयर्लंडमधल्या कुठल्याही वहीत नसलेली. माहिती सांगणाऱ्याचे नाते त्याच्या सहीच्या रकान्यात पाहावे. मुलाने सांगितली असेल तर भरवशाची, शेजाऱ्याने सांगितली असेल तर तपासायची. स्कॉटलंडच्या जनगणनेत जन्मस्थळ पुष्कळदा नुसते 'आयर्लंड' असते. पण ग्लासगो शहराच्या अभिलेखागारातल्या गरीब-मदतीच्या अर्जांत आयर्लंडमधला पॅरिशही लिहिलेला असतो. म्हणून सरळ रेषेत अडलो की भाऊबंदांकडे वळावे.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात. जाहिरातींतली सर्वसाधारण चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंतच्या नातेवाइकांना जुळवते, चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला नाही. अल्स्टर आणि नैर्ऋत्य स्कॉटलंड यांतला फरक तिच्या टक्क्यांतून खात्रीने कळत नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय-गुणसूत्राची चाचणी उपयोगी पडू शकते, पण स्कॉटलंडमध्ये राहिलेल्या त्याच आडनावाच्या, कागद पक्के असलेल्या पुरुषाने चाचणी दिलेली असेल तेव्हाच. आडनावाचे मानचिन्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्रेमा घेऊ नयेत. स्कॉटलंडच्या कायद्यात मानचिन्ह व्यक्तीचे असते, आडनावाचे नसते.

शेवटी आपल्या इथले काम. महाराष्ट्रातल्या घरांसाठी वर सांगितलेल्या साखळीची पहिली कडी बहुधा सैनिक असते. पहिल्या बॉम्बे युरोपियन पलटणीत आयर्लंडचे पुष्कळ शिपाई होते. हीच पलटण १८६२ मध्ये १०३ वी आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एल/एमआयएल/१२ या मालिकेत आहेत, आणि मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला एन/३ मध्ये. कामठीला मद्रासची फौज असे, म्हणून तिथला माणूस मुंबईत मिळाला नाही तर एन/२ मध्ये पाहावा. राणीच्या फौजेतून पेन्शनवर सुटलेल्यांचे कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९७ मध्ये आहेत. त्यांत 'जन्म अमुक पॅरिश, अमुक गावाजवळ, काउंटी अँट्रिम' अशी ओळ असते. सेवेत वारलेल्यांचे कागद तिथे नसतात.

लंडनला आहेत त्या नकला. मूळ वह्या छावणीतल्या चर्चांत राहिल्या. आयर्लंडमधली गावे इथल्या कारकुनाला अपरिचित होती, त्यामुळे नक्कल करताना त्यांची नावे बिघडली, आणि समासातले शेरे तर अनेकदा उतरलेच नाहीत. या मूळ वह्यांना पावसाळ्यात ओल आणि वर्षभर वाळवी लागते. चर्चच्या समित्यांना, आणि त्या घरांतल्या तरुणांना, कळकळीची विनंती आहे की या वह्यांची चित्रे आताच काढून ठेवावीत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आधी बांधणीचे आणि पहिल्या पानाचे चित्र घ्यावे, मग प्रत्येक पान चारही कडा दिसतील असे, कोरे पानसुद्धा, म्हणजे क्रम तुटत नाही. दफनभूमीतल्या दगडांवर खडू किंवा तारेचा ब्रश फिरवू नये. अक्षरे झिजली असतील तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उन्हे तिरपी असताना जावे, नाहीतर एक आरसा बाजूला धरून दगडावर आडवा प्रकाश टाकावा. खोदीव गावाचे नाव तेवढ्याने वाचता येते.

कळावे,

आपला,
एक वाचक, पुणे